खाणीच्या ढिगाऱ्यांतून झिरपणारे आम्लपाणी आणि नद्या: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मेघालयातील जैंतिया टेकड्यांमध्ये कोळसा खाणींमुळे नद्यांचे पाणी आम्लधर्मी होऊन मासे नाहीसे झाल्याच्या बातम्या अधूनमधून मराठी वृत्तपत्रांतही येतात. त्या वाचल्यावर चंद्रपूर, यवतमाळ, सिंधुदुर्ग किंवा गोव्याच्या खाणपट्ट्यात राहणाऱ्यांच्या मनात आपल्या नदीबद्दल शंका येणे स्वाभाविक आहे. खाणीमुळे होणारे प्रत्येक जलप्रदूषण एकाच जातीचे नसते आणि जात ओळखल्याशिवाय उपाय सापडत नाही, म्हणून ही प्रश्नोत्तरे थोडी तपशिलात जाऊन लिहिली आहेत.

आम्लपाणी नेमके कसे तयार होते?

पायराइट हे लोह आणि गंधक यांचे, पितळेसारखी चमक असलेले खनिज आहे. ते काही कोळशांत व कोळशालगतच्या शेल खडकात असते, आणि तांबे, जस्त, शिसे व सोने यांच्या अनेक खनिजसाठ्यांतही असते. जमिनीच्या पोटात हवा पोहोचत नाही तोवर ते शांत पडून राहते. खाणकामात खडक फोडून वर आणला की त्याला हवा आणि पाणी एकाच वेळी मिळते आणि त्यातून हिराकस, म्हणजे फेरस सल्फेट, व सल्फ्युरिक आम्ल तयार होते.

गोष्ट एवढ्यावर थांबली असती तर प्रश्न आटोक्यात राहिला असता. परंतु या फेरस लोहाचे पुढे फेरिक लोह होते आणि हे फेरिक लोह स्वतःच उरलेल्या पायराइटवर हल्ला चढवते. त्या टप्प्याला प्राणवायूचीही गरज लागत नाही. फेरसचे फेरिक होण्याची क्रिया आम्लधर्मी पाण्यात खरे तर फार मंद असते, पण ॲसिडिथायोबॅसिलस फेरोऑक्सिडन्स यांसारखे जिवाणू तिचा वेग लाखो पटींनी वाढवतात. त्यांना आम्लच मानवते. म्हणजे पाणी जितके आम्लधर्मी होईल तितकी क्रिया पुढे रेटली जाते आणि एकदा सुरू झालेला ढिगारा स्वतःला स्वतःच चालवत राहतो.

एक टन पायराइट पूर्णपणे विघटित झाले तर सुमारे १.६ टन सल्फ्युरिक आम्ल निर्माण होते, आणि ते निष्प्रभ करायला जवळजवळ १.७ टन शुद्ध चुनखडी लागते. तेच पायराइट डोंगरात अखंड असताना शेजारची नदी हजारो वर्षे निर्धोक वाहिलेली असते. फरक पडतो तो खडकाचा चुरा झाल्यामुळे, कारण हवा-पाण्याला भिडणारे त्याचे पृष्ठफळ अनेक पटींनी वाढते.

प्रत्येक खाणीतून असे पाणी येते का?

नाही. खडकात आम्ल तयार करणारे पायराइट किती आणि ते आम्ल जिरवणारी चुनखडीसारखी खनिजे किती, या जमाखर्चावर सगळे अवलंबून असते. एक टन खडकात एक टक्का गंधक पायराइटच्या रूपात असेल, तर त्याचे आम्ल जिरवण्यासाठी ३१.२५ किलो कॅल्शियम कार्बोनेट लागते, असा हिशेब खाण अभियंते मांडतात. खडकात तेवढे कार्बोनेट नैसर्गिकरीत्या असेल तर पाणी आम्लधर्मी होत नाही. मात्र त्यात सल्फेट आणि कठीणपणा वाढतोच.

ईशान्य भारतातील तृतीयक, म्हणजे भूशास्त्राच्या हिशेबात तुलनेने अलीकडच्या, काळातील कोळशात गंधकाचे प्रमाण साधारणपणे २ ते ७ टक्के असते. यातील बराचसा गंधक सेंद्रिय रूपात कोळशाशीच बांधलेला असतो आणि तो सहजासहजी आम्ल देत नाही, त्यामुळे एकूण गंधकाचा आकडा पाहून घाबरणे किंवा निश्चिंत होणे दोन्ही चुकीचे ठरते. पाहायचा तो पायराइटमधील गंधक.

मग विदर्भातील कोळसा खाणींचे काय?

वर्धा खोऱ्यातील कोळसा गोंडवना काळातील, म्हणजे ईशान्येकडील कोळशाहून बराच जुना, आहे आणि त्यात गंधक बहुतांशी एक टक्क्याच्या आत असतो. शिवाय वर्धा आणि तिच्या उपनद्या दख्खनच्या काळ्या पाषाणावरून वाहत येतात, त्यामुळे त्यांच्या पाण्यात बायकार्बोनेट भरपूर असते आणि थोडेफार आम्ल ते परस्पर जिरवू शकते. म्हणून या भागातील खाणींच्या पाण्याचा मुख्य दोष आम्लता हा क्वचितच असतो. उपसून सोडलेल्या पाण्यातील सल्फेट व कठीणपणा, कोळशाची बारीक भुकटी आणि नदीकाठच्या ओव्हरबर्डनच्या, म्हणजे कोळशावरून काढून टाकलेल्या माती-दगडांच्या, ढिगाऱ्यांतून पावसाळ्यात वाहून येणारी माती, हे तेथील अधिक नेहमीचे प्रश्न आहेत.

तरीही 'गोंडवना कोळसा म्हणजे आम्लाचा प्रश्नच नाही' असे सरसकट विधान करू नये. एखाद्या थरालगतच्या शेलमध्ये पायराइटचे पट्टे निघू शकतात आणि नेमका तोच माल ढिगाऱ्याच्या वरच्या अंगाला पडला, तर त्या ढिगाऱ्याच्या पायथ्याचा ओहोळ आम्लधर्मी होऊ शकतो. सरासरी संपूर्ण कोळसाक्षेत्राची असते, ओहोळ मात्र एका ढिगाऱ्याचा असतो.

गोव्यातील नद्यांचे लाल पाणी हे आम्लपाणीच आहे ना?

हा गैरसमज फार पसरलेला आहे. गोव्याचे आणि रेडीसारख्या सिंधुदुर्गातील ठिकाणांचे लोहखनिज हे ऑक्साइड आहे, सल्फाइड नाही. म्हणजे ते आधीच 'गंजलेले' आहे आणि त्यातून सल्फ्युरिक आम्ल निर्माण होत नाही. डिचोली, सत्तरी, सांगे, केपे या तालुक्यांतील डंपांवरून, म्हणजे खाणींच्या टाकाऊ मालाच्या ढिगाऱ्यांवरून, पावसात वाहून आलेली लाल माती मांडवी, जुवारी, कुशावती यांसारख्या नद्यांत, ओढ्यांत आणि शेतांत साचते. हे नुकसान खरेच आहे. पण ते गाळाचे नुकसान आहे, रासायनिक आम्लाचे नाही. त्यावर उतारा म्हणून चुना टाकला तर काहीही साध्य होत नाही. तिथे डंपाच्या पायथ्याशी दगडी बांध, गाळ बसवणारे तलाव, पायऱ्या पाडून केलेला उतार आणि झाडोरा हेच लागते. सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशाने २०१२ मध्ये आणि पुन्हा २०१८ मध्ये तेथील खाणकाम थांबले, तेव्हाही डंप जागेवरच होते आणि पाऊस नेहमीसारखाच पडत होता.

मँगनीजची बाब थोडी वेगळी आहे. साळावली धरणाच्या पाणलोटात जुन्या खाणी आहेत आणि धरणाच्या पाण्यातील मँगनीजचा प्रश्न पुढे आलेला आहे. तळाशी प्राणवायू संपला की गाळातील मँगनीज विरघळून पाण्यात येते. ही क्रिया आम्लाशिवायही घडते.

आणखी एक नोंद: कोकण व गोव्यातील जांभ्या खडकाच्या भागातील विहिरी आणि झरे मुळातच किंचित आम्लधर्मी असू शकतात. म्हणून खाणीच्या वरच्या अंगाचे पाणी तपासल्याशिवाय खालच्या पाण्याचा दोष खाणीवर टाकता येत नाही, आणि टाकला तर तो टिकत नाही.

आमच्या ओढ्याचे पाणी काचेसारखे नितळ आहे. ते प्रदूषित कसे असेल?

आम्लपाण्याच्या बाबतीत नितळपणा हा दिलासा मानू नये; काही वेळा तो उलट इशारा असतो. तुरटीने पाणी निवळते ते तिच्यातील ॲल्युमिनियममुळे. आम्लपाण्यात खडक व मातीतून विरघळून आलेले ॲल्युमिनियम आणि लोह असते, ते साध्या ओढ्याच्या पाण्यात मिसळले की मातीचे कण गोळा होऊन खाली बसतात. त्यातच शेवाळ आणि सूक्ष्म जीव कमी झालेले असतात. परिणामी तळाचा दगडन्‌दगड दिसतो, आणि त्या दगडांखाली एकही किडा सापडत नाही.

याचा अनुभव घ्यायचा असेल तर ढिगाऱ्याच्या पायथ्याशी जिथे पाणी नुकते बाहेर पडते तिथले एका पारदर्शक बाटलीत भरावे आणि बाटली उघडी ठेवावी. पाण्याचा सामू, म्हणजेच पीएच, भरताना सहाच्या आसपास असू शकतो आणि पाणी पूर्ण स्वच्छ दिसू शकते. हवा लागली की काही तासांत ते आधी फिकट पिवळसर, मग गढूळ होते, आणि एक-दोन दिवसांत बाटलीच्या तळाशी गंजाच्या रंगाचा साका बसतो. आता वरच्या नितळ पाण्याचा सामू पुन्हा पाहिला तर तो तीन-साडेतीनपर्यंत उतरलेला असू शकतो. बाटलीत बाहेरून आम्ल कोणीच घातलेले नसते; विरघळलेल्या फेरस लोहाच्या पोटात ते दडलेले होते आणि लोहाचा साका होताना ते मोकळे झाले. या दडलेल्या हिश्श्यासह मोजलेल्या आम्लतेला एकूण आम्लता म्हणतात. माझ्या मते सामूच्या एका आकड्यावर 'पाणी ठीक आहे' असा शेरा मारणारे अहवाल बिनकामाचे असतात, ते याच कारणासाठी.

सामू किती खाली गेला म्हणजे काळजी करावी?

सामूची मोजपट्टी साधी नाही: सामू एकाने उतरला की आम्लपणा दहा पटींनी वाढतो, त्यामुळे सामू ४ असलेले पाणी सामू ६ असलेल्या पाण्याच्या शंभर पट आम्लधर्मी असते. भारतीय मानक १०५०० नुसार पिण्याच्या पाण्याचा सामू ६.५ ते ८.५ या मर्यादेत असला पाहिजे आणि त्यात सवलत नाही. मासे व वन्यजीवांसाठी राखलेल्या जलप्रवाहांसाठीही केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाची मर्यादा तीच आहे. मात्र नदीनाल्यात सांडपाणी सोडण्याच्या सर्वसाधारण मानकात ५.५ ते ९ इतका सामू चालतो. मोठ्या नदीत ही सूट पचून जाते. उन्हाळ्यात जिथे खाणीचे पाणी हाच ओढ्याचा मुख्य प्रवाह असतो, तिथे नियम पाळूनही ओढा मरू शकतो.

जीवसृष्टीत पहिला फटका माशांना बसत नाही. दगडांना चिकटून राहणाऱ्या, प्रवाहात वाढणाऱ्या कीटकांच्या अळ्या सर्वांत आधी नाहीशा होतात आणि त्यावर जगणारे मासे त्यामागून जातात. सामू ५ च्या खाली गेला की बहुतेक माशांची अंडी व पिल्ले टिकत नाहीत, मोठे मासे काही काळ दिसत राहतात; त्यामुळे 'मासे आहेत की अजून' हा युक्तिवाद फसवा असतो. लहान मासे आहेत का, हे पाहावे.

आम्लपाणी नदीला मिळाल्यावर पुढे काय होते?

ते हळूहळू सौम्य होत जाते, पण वाटेत एकेक धातू मागे टाकत जाते. सामू साडेतीनच्या वर चढू लागला की फेरिक लोह साका होऊन पडते आणि तळ तांबूस-पिवळ्या, बुळबुळीत थराने झाकला जातो. हा थर विषारी नसता तरी घातकच ठरला असता, कारण तो दगडांमधल्या फटी बुजवतो, आणि अंडी घालायची व अळ्यांनी लपायची जागा तीच असते. सामू पाचच्या आसपास आला की ॲल्युमिनियम पांढऱ्या, पिठूळ कणांच्या रूपात सुटते. मँगनीज सर्वांत चिवट असते. ते सहजपणे खाली बसायला सामू आठ-नऊच्या पुढे जावा लागतो, म्हणून ते दूरवर वाहत जाते आणि दगडांवर काळे डाग उठवते.

माशांच्या दृष्टीने सर्वांत धोक्याची जागा बहुधा संगमाची असते, म्हणजे आम्लधर्मी ओढा चांगल्या नदीला मिळतो तो पट्टा. तिथे सामू पाच-साडेपाचच्या घरात येतो आणि नुकतेच साका होऊ लागलेले ॲल्युमिनियम माशांच्या कल्ल्यांवर बसून त्यांचा श्वास कोंडते. याच सामूचे पाणी ॲल्युमिनियमविना असते तर बरेच मासे त्यात तगले असते.

सल्फेट मात्र यातून जवळजवळ सुटून पुढे जाते. लोह खाली बसले, सामू सुधारला, रंगही गेला, तरी वाढलेले सल्फेट वरच्या अंगाला काय घडले याची साक्ष देत राहते. तपासणीत त्याला मी पहिला मान देईन.

जैंतिया टेकड्यांत काय घडले?

तेथे कोळशाचे थर पातळ आहेत, म्हणून उभा खड्डा खणून मग उंदराच्या बिळासारख्या आडव्या बोगद्यांतून कोळसा काढण्याची 'रॅट होल' पद्धत रूढ झाली. खाणी लहान, खासगी जमिनीवरच्या आणि असंख्य होत्या. कोळसा रस्त्याकडेला उघड्यावर रचला जाई, टाकाऊ माल खड्ड्याच्या तोंडाशीच पडे आणि काम संपले की खड्डा न बुजवता सोडला जाई. देशातील सर्वाधिक पावसाच्या प्रदेशांपैकी एका प्रदेशात हे चालले होते. जोवाईजवळून वाहणारी मिंतदू, तिच्या आसपासचे ओढे आणि भातखाचरे यांत आम्लपाणी उतरत गेले.

त्याच भागातील लुखा नदी गेल्या दोन दशकांत हिवाळ्यात गडद निळी दिसू लागली. पर्यटकांना ती सुंदर वाटते; काठच्या लोकांना मेलेले मासे दिसतात. या रंगासाठी कोळसा खाणींचे आम्लपाणी आणि परिसरातील सिमेंट कारखाने या दोहोंकडे बोट दाखवले गेले आहे. आम्लपाणी चुनखडीच्या प्रदेशातून जाते तेव्हा सामू वर चढतो आणि अतिसूक्ष्म कण पाण्यात तरंगत राहतात. पावसाळ्यात प्रवाह वाढला की रंग जातो, प्रश्न जात नाही.

या प्रकरणाचा कायदेशीर धागाही लक्षात ठेवण्याजोगा आहे. तक्रार मेघालयातून नव्हे, तर नदीच्या खालच्या अंगाला असलेल्या आसामच्या दिमा हासाओ जिल्ह्यातील दिमासा विद्यार्थी संघटनेकडून राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणासमोर आली, कारण जैंतियातील आम्लपाणी कोपिली नदीत उतरत होते. न्यायाधिकरणाने १७ एप्रिल २०१४ रोजी रॅट होल खाणकामावर बंदी घातली. जानेवारी २०१९ मध्ये बेकायदा खाणकाम रोखण्यात अपयश आल्याबद्दल मेघालय राज्याला १०० कोटी रुपये भरण्यास सांगितले गेले, आणि त्याच वर्षी जुलैत सर्वोच्च न्यायालयाने कायदेशीर परवान्यांसह खाणकामाची वाट मोकळी केली. कोपिलीवरील नीपको या सरकारी वीज कंपनीच्या जलविद्युत प्रकल्पात आम्लधर्मी पाण्याने टर्बाइन, झडपा आणि इतर धातूचे भाग खाल्ले, दुरुस्ती आणि बदली वारंवार करावी लागली. नदीचे पाणी बिघडल्याची किंमत रुपयांत मोजणे एरवी अवघड असते. इथे ती सरळ देखभालीच्या खर्चात उतरली.

पावसाळ्यात पाणी भरपूर असते, तेव्हा तरी प्रदूषण विरळ होते ना?

भर पावसाळ्यात होते, पण पहिल्या सरी हा वर्षातील सर्वांत वाईट काळ असू शकतो. उन्हाळ्यात ढिगाऱ्यातील ओल वर येऊन सुकते आणि पृष्ठभागावर हिराकस व त्याच्या भाऊबंद क्षारांची पांढरी, हिरवट किंवा पिवळी पापुद्र्यासारखी पूड साचते. या क्षारांत आम्ल आणि धातू कोरड्या रूपात साठवलेले असतात. वळवाच्या एका जोरदार सरीत ते विरघळून, नदीत पाणी अजून कमी असताना, एकदम खाली येतात आणि काही तासांत मासे मरून वर येतात. ऑगस्टमध्ये घेतलेला नमुना निर्दोष निघतो आणि तोच अहवालात लागतो. नमुना मे महिन्याच्या अखेरीस आणि पहिल्या पावसाच्या दिवशी घेतला पाहिजे.

खाण बंद झाली की आम्लपाणी थांबते का?

अनेकदा ते तेव्हाच वाढते. खाण चालू असताना पंप भूजल खाली ठेवतात. पंप बंद झाले की पाणी वर चढते आणि जुन्या बोगद्यांच्या भिंतींवरील क्षार धुऊन घेत एखाद्या तोंडातून बाहेर पडते. इंग्लंडमधील कॉर्नवॉलची व्हील जेन ही कथिलाची खाण १९९१ मध्ये बंद झाली आणि जानेवारी १९९२ मध्ये तिच्यातून कोट्यवधी लिटर धातुयुक्त पाणी कार्नॉन नदीत आणि पुढे खाडीत फुटून गेले. दक्षिण आफ्रिकेत विटवॉटर्सरँडच्या सोन्याच्या खाणींचे पाणी २००२ पासून क्रुगर्सडॉर्पजवळ जमिनीवर येऊ लागले.

कालावधीचा अंदाज यावा म्हणून दोन उदाहरणे देतो. कॅलिफोर्नियातील आयर्न माउंटन खाणीत सामू उणे ३.६ इतका मोजला गेला आहे (होय, सामू शून्याखाली जाऊ शकतो) आणि तेथील उरलेले पायराइट संपायला सुमारे ३,००० वर्षे लागतील असा अंदाज आहे. स्पेनमधील रिओ टिंटो नदीच्या खोऱ्यात सुमारे ५,००० वर्षांपासून खाणकाम झाले असून तिचे पाणी आजही लाल आणि सामू २ ते ३ च्या दरम्यान आहे. तेथील काही आम्लता तर खाणीआधीची, नैसर्गिक आहे.

अमेरिकेत एक नदी रातोरात केशरी झाली होती. ती सर्वांत मोठी दुर्घटना होती का?

५ ऑगस्ट २०१५ रोजी कोलोरॅडोतील गोल्ड किंग या बंद खाणीच्या तोंडाशी पर्यावरण संरक्षण संस्थेचे काम सुरू असताना आत कोंडलेले सुमारे १ कोटी १० लाख लिटर पाणी सुटले आणि ॲनिमास नदी केशरी झाली. छायाचित्रे जगभर गेली. नंतरच्या अभ्यासात मात्र असे दिसले की त्या नऊ तासांत नदीत गेलेले धातू हे वसंतातील पुराच्या एक-दोन दिवसांत ती नदी एरवीही वाहून नेते तेवढेच होते. त्या डोंगरातील जुन्या खाणी दशकानुदशके, कोणाच्या डोळ्यांवर न येता, झिरपतच होत्या.

यावर उपाय काय?

सर्वांत प्रचलित उपाय म्हणजे चुना. पाण्यात विरलेला चुना मिसळायचा, हवा खेळवायची, सामू साडेआठ-नऊपर्यंत नेऊन धातूंचा साका बसू द्यायचा आणि वरचे पाणी सोडायचे. हे खात्रीने चालते, पण चुना, वीज आणि माणसे जोवर आहेत तोवरच. निघणारा साका मुख्यतः पाणीच असतो. तो सुकवून सुरक्षित जागी ठेवावा लागतो. शिवाय चुन्याशी मिळून सल्फेटचे जिप्सम होऊन खाली बसते, पण जिप्सम पाण्यात जेवढे विरघळून राहू शकते तेवढे सल्फेट उरतेच, म्हणजे लिटरमागे दीड-दोन हजार मिलिग्रॅमच्या आसपास. पिण्याच्या पाण्याची कमाल मर्यादा ४०० आहे. तेव्हा 'चुना टाकला, सामू सात आला' एवढ्यावर समाधान मानणे हे अर्धेच काम आहे.

ओढ्यात नुसते चुनखडीचे दगड टाकण्याचा स्वस्त मार्ग पुष्कळांना सुचतो. थोड्याच दिवसांत त्या दगडांवर लोहाचे कवच चढते आणि आतली चुनखडी निरुपयोगी होते. हवा आत जाऊ न देता पुरलेल्या चुनखडीच्या चरातून पाणी नेले तर कवच टळते, पण त्यासाठी पाण्यात ॲल्युमिनियम, फेरिक लोह आणि विरघळलेला प्राणवायू फार कमी असावा लागतो. पाणकणीस लावलेल्या कृत्रिम पाणथळी आणि शेण, भुसा यांसारख्या सेंद्रिय मालावर सल्फेट मोडणारे जिवाणू पोसणाऱ्या टाक्या, या लहान प्रवाहांसाठी उपयोगी आहेत. मोठ्या, जोरकस प्रवाहापुढे त्या टिकत नाहीत. औष्णिक केंद्रांची राख आम्ल जिरवण्यासाठी वापरावी असेही सुचवले जाते, पण भारतीय कोळशाच्या राखेत चुन्याचे प्रमाण बहुधा कमी असते, त्यामुळे तिच्याकडून फार अपेक्षा ठेवू नये.

खरा स्वस्त काळ एकच: ढिगारा रचण्याआधीचा. पायराइटयुक्त खडक आधी ओळखून वेगळा काढायचा, तो ढिगाऱ्याच्या मधोमध ठेवून चुनखडीयुक्त मालात लपेटायचा, वर चिकणमाती दाबून बसवायची आणि डोंगराकडून येणारे पाणी चर खणून बाजूने वळवायचे. धातूंच्या खाणींचा बारीक टाकाऊ माल पाण्याखाली ठेवण्याचीही पद्धत आहे, कारण पाण्यातून प्राणवायू हवेच्या तुलनेत सुमारे दहा हजार पटींनी मंद गतीने पसरतो. मात्र मग तो बांध फुटू न देणे ही कायमची जबाबदारी होते. एप्रिल १९९८ मध्ये स्पेनमधील अस्नालकोयार येथे असा बांध फुटला आणि आम्लधर्मी गाळ ग्वादियामार नदीकाठच्या शेतांवर पसरला.

असे पाणी पिण्यासाठी, शेतीसाठी वापरावे का?

पिऊ नये. उकळल्याने आम्ल आणि धातू कमी होत नाहीत, उलट पाणी आटून ते घट्ट होतात. सल्फेट जास्त असलेल्या पाण्याने जुलाब होऊ शकतात. शेतीत, विशेषतः भातखाचरांत, मुख्य हानी मुळांची होते, कारण आम्लधर्मी जमिनीत ॲल्युमिनियम मोकळे होऊन मुळांची वाढ खुंटवते. आम्लता आणि सल्फेट पुलांच्या व बंधाऱ्यांच्या काँक्रीटलाही पोखरतात.

नमुना कसा घ्यावा?

किमान तीन ठिकाणी घ्यावा: ढिगाऱ्याच्या वरच्या अंगाला, पाणी मिसळते त्याच्या लगेच खाली आणि आणखी दूर खालच्या बाजूला. सामू जागेवरच मोजावा, कारण वर सांगितल्याप्रमाणे बाटलीत तो बदलतो. सल्फेट, क्षारता (म्हणजे पाण्याची आम्ल जिरवण्याची क्षमता) आणि एकूण आम्लतेसाठी बाटली काठोकाठ, हवेचा बुडबुडा न राहील अशी भरावी. धातूंसाठी वेगळी बाटली घ्यावी; तिचे पाणी गाळून त्यात प्रयोगशाळेने दिलेले नायट्रिक आम्ल घातले नाही तर लोह बाटलीच्या भिंतीला चिकटून बसते आणि अहवालात आकडा कमी येतो. लोह, मँगनीज, ॲल्युमिनियम, सल्फेट, एकूण आम्लता व क्षारता यांची चाचणी नावानिशी मागावी. ठिकाण, दिवस, वेळ आणि आदल्या दिवसांत पाऊस झाला का, हे लिहून ठेवावे. पिण्याच्या पाण्यासाठी मँगनीजची स्वीकार्य मर्यादा लिटरला ०.१ आणि ॲल्युमिनियमची ०.०३ मिलिग्रॅम आहे, त्याच्याशी आकडे ताडून पाहावेत.

तक्रार कुठे आणि किती दिवसांत करावी?

जलप्रदूषण प्रतिबंध व नियंत्रण कायदा, १९७४ खाली पहिली लेखी तक्रार राज्य प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या प्रादेशिक कार्यालयाकडे करावी आणि पोच घ्यावी. खाणीच्या पर्यावरण मंजुरीतील अटी आणि ती बंद करतानाचा आराखडा मागवून, त्यात ढिगाऱ्याच्या पायथ्याच्या पाण्याबद्दल काय लिहिले आहे ते वाचावे. पुष्कळदा सर्वांत ठोस मुद्दा तिथेच सापडतो. महाराष्ट्र व गोव्यासाठी राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाचे पश्चिम विभागीय पीठ पुण्यात आहे. न्यायाधिकरणाच्या २०१० च्या कायद्यानुसार पर्यावरणविषयक वादासाठी, वादाचे कारण प्रथम उद्भवल्यापासून सहा महिन्यांत, आणि नुकसानभरपाई व पुनर्स्थापनेसाठी पाच वर्षांत अर्ज करावा लागतो. पुरेसे कारण असल्यास दोन्ही मुदती साठ दिवसांपर्यंत वाढू शकतात. ढिगारा जुना असला तरी या मुदतींमुळे पहिल्या नमुन्याची तारीख आणि तक्रारीची पोच जपून ठेवावी.